देव्हाऱ्यातले पागनीस

देव कसा दिसतो याबद्दल माणसांत एकमत नाही. ज्याने त्याने आपापल्या परीने त्याला हात दिले, आयुधे दिली, बसायला वाहन दिले. पण तुकाराम महाराज कसे दिसत होते, हे महाराष्ट्रात कुणालाही विचारा. उत्तर एकच मिळेल. डोईला पांढरे पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, एका हाती वीणा, दुसऱ्या हाती चिपळ्या, आणि सगळ्या संसाराकडे पाहूनही त्यात न अडकलेले ते सौम्य डोळे. शेतकऱ्याच्या ओसरीवरची तसबीर घ्या, किराणा दुकानातले कॅलेंडर घ्या, नाही तर भजनी मंडळाच्या फलकावर गावच्या पेंटरने रंगवलेले चित्र घ्या. रंग कमीअधिक असतील, पण माणूस तोच.

आता मौज अशी की, तुकोबांना वैकुंठाला जाऊन पावणेचारशे वर्षे झाली, आणि त्यांच्या हयातीत काढलेले, सर्वांनी मान डोलवावी असे एकही चित्र आपल्याजवळ नाही. त्या काळी देहूत कुणी चितारी आला असता तरी त्याने एका कर्जबाजारी वाण्याचे चित्र कशाला काढले असते? मग हा चेहरा आला कुठून? यातल्या कितीतरी तसबिरींचा माग काढत गेले, तर वाट देहूला पोचतच नाही. ती मुंबईतल्या एका संगीतशिक्षकापाशी येऊन थांबते. त्यांचे नाव विष्णुपंत पागनीस.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ लागला. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेत पागनीस. मुंबईत तो बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांचे वय तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. या वयात शाळामास्तर निवृत्तीला किती वर्षे उरली ते बोटांवर मोजू लागतो. मी स्वतः त्याच वयाच्या आसपास असून तोच व्यवसाय करतो; म्हणून ही मोजदाद मला ठाऊक आहे आणि म्हणूनच या माणसाविषयी मला विशेष जिव्हाळा वाटत आला आहे.

मागे एकदा चित्रकलेचे गुरुजी रजेवर होते म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. तुकारामबीज दोन दिवसांवर होती. मी मुलांना म्हटले, “आज तुकाराम महाराजांचे चित्र काढा. पुस्तकात पाहायचे नाही.” चाळीस मुलांनी चाळीस चित्रे काढली. कुणाची वीणा कुदळीसारखी झाली होती, कुणाच्या चिपळ्या भाकरीएवढ्या होत्या. पण चाळीसही कागदांवर तेच पागोटे, तेच गंध आणि मान किंचित कललेली तीच बसण्याची ढब. यातल्या एकाही मुलाने तो बोलपट पाहिलेला नव्हता. एका मुलीने चित्र देता देता विचारले, “सर, महाराज खरंच असे दिसत होते का?”

प्रश्न साधा होता. पण ‘हो’ म्हणावे तर ते खरे नाही, आणि ‘नाही’ म्हणावे तर चाळीस मुलांच्या हातातला तुकाराम मी काढून घेणार. तास संपल्याची घंटा झाली. मुलीला मी म्हटले, “याचे उत्तर लांब आहे, उद्या सांगतो.” ते उत्तर जुळवता जुळवता मला पागनीसांच्या साऱ्या आयुष्याचा विचार करावा लागला.

पागनीसांचा जन्म १८९२ सालचा. त्यांची उमेद घडली ती नाटक कंपन्यांच्या दिवसांत. कोवळा गळा आणि देखणा चेहरा असलेला मुलगा दिसला की कंपनीचे मालक त्याला हेरत. घरच्यांना मुलगा बिघडल्याचे दुःख आणि कंपनीला नवी नायिका मिळाल्याचा आनंद, असे दोन्ही एकाच दिवशी होई. रंगभूमीवर कुलीन स्त्रिया येत नसत, तेव्हा शकुंतला, सुभद्रा पोरांनीच व्हायचे. पागनीस स्वदेशहितचिंतक मंडळीत होते आणि स्त्रीपार्टी म्हणून त्यांचे नाव झाले. केशवराव भोसल्यांसारखा पुढे महाराष्ट्र गाजवलेला गवईनटही याच मंडळीतून बाहेर पडलेला.

स्त्रीपार्टी नटाच्या आयुष्यात एक अवघड वळण येते. गळा फुटतो, चेहरा राठ होतो आणि काल ज्याच्या पदाला टाळ्यांचा कडकडाट होत होता, त्याला आज दासीचेही काम मिळत नाही. असे कितीतरी नट पुढे काय झाले ते कुणी लिहून ठेवलेले नाही. पागनीस मुंबईला आले, शाळेत मुलांना गाणे शिकवू लागले आणि भजने म्हणू लागले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट तिथेच संपलेली होती.

या गोष्टीचे मोल कळायचे तर त्याच काळातल्या दुसऱ्या एका गायकनटाकडे पाहावे लागते. आणि तो नट, तसे पाहिले तर, आमच्या जिल्ह्यात येऊन गेला. पायांनी नव्हे, भूमिकेने. प्रभातने ‘संत तुकाराम’च्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, पैठणच्या एकनाथांवर बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे. नाव ठेवले होते ‘महात्मा’. त्या शब्दात सरकारला गांधीजी दिसले आणि नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. यात एकनाथ झाले होते साक्षात बालगंधर्व.

बालगंधर्व म्हणजे कोण हे दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगायला नको. तरी घरातल्या लहानांसाठी दोन शब्द सांगतो. १८८८ साली नागठाण्यात जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि ते नाव जन्माचे चिकटले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही नुसती पात्रे राहिली नाहीत. घरोघरच्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा उस्ताद बसवणारी ही कंपनी. एका पदाला ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडावेत, नाटक रात्रभर रेंगाळावे आणि तरी कुणी जागचे उठू नये, असा तो गळा.

अशा गंधर्वाला प्रभातने पडद्यावर आणले, आणि तेही संत म्हणून. शिवाशिव न मानणारा, महाराच्या घरी जेवायला जाणारा एकनाथ. विषय थोर, कंपनी नामांकित, गळा अलौकिक. मग काय हवे होते? तरीही ज्या आशेने ही जोडी जमली होती ती पुरी झाली नाही. पुढचे बोलपट निघालेच नाहीत. नारायणराव आपल्या नाटकाकडे परत गेले.

आणि वर्षभराने त्याच प्रभातमध्ये तेच यश एका शाळेतल्या गाण्याच्या मास्तराने पदरात घातले! असे का व्हावे?

पुष्कळ दिवस विचार करून मला जे वाटते ते सांगतो. ‘धर्मात्मा’ला लोक गेले ते नारायणरावांना पाहायला. पडद्यावर एकनाथ बोलू लागले की प्रेक्षक मनात म्हणत असणार, हे नारायणराव. गाऊ लागले की म्हणत असणार, हे तर नारायणरावच! तीस वर्षांचे वैभव त्या माणसाच्या अंगाखांद्यावर होते. भरजरी शालू उतरवून पांढरे धोतर नेसले म्हणून वैभव थोडेच उतरते? शिवाय रंगभूमीवरचे गाणे फुलवायचे असते. समोरचा प्रेक्षक मान हलवतो आणि त्या मान हलवण्यावर पुढची तान बेतलेली असते. कॅमेरा मान हलवत नाही. तो हातभर अंतरावर येऊन नुसता बघत राहतो आणि रीळ संपले की थांबतो.

पागनीसांजवळ असे काही वैभव उरलेले नव्हते. पुष्कळ प्रेक्षकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्यात तुकाराम दिसायला अडचण ती कसली?

पण नुसते अनोळखी असून भागत नाही. अनोळखी नट पैशाला पासरी मिळतात. खरी गोष्ट त्यांच्या गाण्यात होती. तो बोलपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याची सुरुवात आठवेल. तुकोबा विठ्ठलापुढे बसून अभंग म्हणत आहेत. हलणे नाही, हातवारे नाहीत. गळा जेवढा शब्दाला लागेल तेवढाच. लगेच पुढे सालोमालो तोच अभंग आपला म्हणून लोकांपुढे गातो. भागवत नावाच्या नटाने हे काम फार नामी केले आहे. तो ताना घेतो, मुरका मारतो, ऐकणाऱ्यांकडे बघतो. अभंग तोच, शब्द तेच. पण पहिल्या वेळी ऐकू आला विठ्ठल आणि दुसऱ्या वेळी सालोमालो. एवढ्या एका गोष्टीत दामले-फत्तेलालांनी आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी सारी भक्ती सांगून टाकली आहे. आणि त्या काळी पडद्यावर जो दिसे तोच बहुधा गातही असे. पागनीसांचा चेहरा आणि गळा यांत दुसऱ्या माणसाची उसनवारी नव्हती.

स्त्रीपार्टी करून रंगलेला नट इतका साधा कसा झाला, याचे अनेकांना नवल वाटेल. मला वाटत नाही. पुरुषाने बाई व्हायचे म्हणजे पहिल्यांदा आपले पुरुषपण बाहेर ठेवून यायचे. जो हे वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी शिकला, त्याला ‘मी’ खुंटीला टांगून आत जाण्याची सवय झालेली असते. आणि खुद्द तुकोबांनी विराण्या रचल्या आहेत. देवासाठी झुरणाऱ्या बाईच्या तोंडून ते बोलले आहेत. बालगंधर्वांनाही ही विद्या येत होतीच. सिंधूच्या दुःखात त्यांनी हजारो डोळ्यांना पाणी आणले. पण महाराष्ट्राने त्यांच्यावर इतके प्रेम केले की पुढे पुढे ते कुठल्याही वेषात आले तरी महाराष्ट्र त्यांनाच पाहत राहिला.

सगळे श्रेय पागनीसांना देऊन चालणार नाही. त्यांच्यासमोर जिजाई होती. ही भूमिका गौरीने केली. प्रभातमध्ये बारीकसारीक कामे करता करता पडद्यावर आलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. म्हशीवर माया करणारी, मुले उपाशी आहेत म्हणून नवऱ्याला फाडून खाणारी, मुलाच्या दुखण्याने पिसाळून हातात पायताण घेऊन विठ्ठलाच्या अंगावर धावून जाणारी ही जिजाई नसती तर तुकोबा हवेत उडून गेले असते. तिने त्यांना जमिनीवर धरून ठेवले. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे. शांताराम आठवल्यांनी या बोलपटासाठी बीजावरचा एक नवा अभंग रचला. तो तुकोबांच्या वाणीशी इतका मिळून गेला की आजही पुष्कळजण तो गाथेतलाच समजतात. म्हणजे बघा, चेहरा पागनीसांचा, तो अभंग आठवल्यांचा, आणि लोकांच्या लेखी दोन्हीही तुकोबांचे. दोघांचीही नावे त्यात विरघळून गेली.

आमच्या भागात हा बोलपट कसा पोचला, ते मी माझ्या आजीकडून ऐकलेले आहे. १९३६ साली औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत केव्हातरी सिल्लोडकडच्या एका जत्रेत तंबूतला सिनेमा आला. बैलगाडीतून यंत्र आले, इंजिन आले. कनाती लागल्या, बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. आजी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. सासूने सिनेमाला जाऊ दिले ते केवळ ‘तुकाराम महाराज येणार आहेत’ या बोलीवर. बायकांनी कनातीबाहेर चपला काढल्या. ज्यांच्याजवळ चपला नव्हत्या त्यांनी पाय झटकले. मध्येच रीळ तुटले तर कुणी शिट्टी मारली नाही. टाळकऱ्यांनी तिथेच भजन धरले. शेवटी विमान आले, तेव्हा सगळा तंबू हात जोडून उभा राहिला. आजी म्हणे, “इंजनाचा आवाज कवा बंद झाला ते कुणालाच कळलं नाई.”

येताना तिने जत्रेतून एक तसबीर आणली. पुढची पन्नासेक वर्षे ती आमच्या देव्हाऱ्यात होती. एका दिवाळीला घराची झाडलोट चालू असताना शहरातून आलेले आमचे एक नातलग ती तसबीर हातात घेऊन हसले. म्हणाले, “काकू, हे कुठले तुकाराम? हा सिनेमातला नट आहे. पागनीस नाव त्याचं.” घरातले सगळे एकदम गप्प झाले. आजीने हातातले फडके पिळले, तसबिरीची काच पुसली आणि म्हणाली, “आसंल. नट आसंल. पर तो गात व्हता तवा मला ईठ्ठलाचंच नाव ऐकू आलं बाबा. त्याचं नाव तर आज तुझ्या तोंडून कळालं.” आणि तसबीर होती तिथे ठेवून दिली.

मोठमोठ्या समीक्षकांनी या बोलपटावर लिहिले आहे. पण आजीच्या या बोलण्यापलीकडे कुणी गेले असेल असे मला वाटत नाही.

मात्र त्यात पागनीसांच्या आयुष्यातले एक दुःखही आहे. ते दुःख आजीला दिसण्याचे कारण नव्हते. लिहिणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला ते दिसते. तुकाराम झाल्यावर पागनीसांना पुन्हा पागनीस होता आले नाही. १९३९ मध्ये रणजितने त्यांना तुलसीदास केले. १९४० मध्ये प्रकाशच्या विजय भट्टांनी नरसी मेहता केले. १९४३ मध्ये ‘महात्मा विदुर’ आणि ‘भक्तराज’. एकामागून एक संत, एकामागून एक भक्त. लबाड सावकार, रागीट बाप, विनोदी शेजारी असे काही कुणी त्यांना देऊ केले नसेल. देऊ केले असते तरी ज्याच्यापुढे लोकांनी उदबत्ती लावली, त्याला लबाड झालेला कोण खपवून घेणार? १९४३ च्याच ऑक्टोबरात, पन्नाशी उलटते न उलटते तोच, ते गेले. म्हणजे सारी कीर्ती मिळून सात वर्षांची. त्याआधीचा मंचावरचा काळ लोक विसरले होते आणि शाळेतला काळ कुणाला ठाऊकच नव्हता.

बालगंधर्वांचे उलटे झाले. वैभव गेले, कर्ज झाले, पाय थकले. पण १९६७ साली पुण्यात ते गेले तेव्हा बालगंधर्व म्हणूनच गेले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. त्याचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हातून झाले होते. २०११ मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला आणि नव्या पिढीने त्यांच्यासाठी डोळे पुसले. एकाचे नाव राहिले. दुसऱ्याचा चेहरा राहिला आणि नाव गेले. यातले भाग्य कोणते?

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीतल्या तलाठ्याला लोक नावाने ओळखतात, त्याच्या वागण्यावरून चहाच्या दुकानात वाद घालतात. ती कादंबरी लिहिली कुणी, हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नसते. पहिल्या पहिल्यांदा मला हे लागत असे. शाळेचेही तसेच. मागल्या हंगामात मका घेऊन मोंढ्यात गेलो होतो. तिथे एक हमाल पोती रचता रचता एक जुनी कविता गुणगुणत होता. चाल माझी होती, वीस वर्षांपूर्वी वर्गात बसवलेली. मी विचारले, “ही चाल कुठली रे?” तो म्हणाला, “काय माहीत. लहानपणापासून येती.” मी कोण हे त्याला ओळखता आले नाही, आणि मीही सांगितले नाही. पोती रचून होईस्तोवर ती कविता चालू होती. घरी येताना मला वाईट वाटायला हवे होते. ते वाटले नाही, उलट हलके वाटले. पागनीसांना एखाद्या खेड्यात स्वतःचीच तसबीर हार घातलेली दिसली असेल, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? ते माझ्यापेक्षा फार मोठे होते. पण मास्तराच्या मनाची जात एकच.

राहता राहिला त्या मुलीचा प्रश्न. महाराज खरेच असे दिसत होते का?

त्याचे उत्तर मला आमच्याच जिल्ह्यात सापडले. कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी आहे. १६२८ साली तिथे बहिणाबाई जन्मली. लहानपणीच पुष्कळ मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न झाले, आणि गाव सोडून फिरत फिरत ते कुटुंब कोल्हापूरला गेले. तिथे कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबांना तिने पाहिलेले नव्हते. देहू तिथून कितीतरी लांब. ब्राह्मणाच्या बायकोने एका शूद्राला गुरू म्हणायचे, हे घरात आग लावण्यासारखे. पण अभंग मनात इतके मुरले की एके रात्री तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला. नवऱ्याने छळले, तरी ती मागे फिरली नाही. पुढे ती देहूला गेली आणि स्वप्नात पाहिला होता तोच माणूस तिला समोर दिसला. वैजापूर तालुक्यात शिऊरला तिची समाधी आहे.

बहिणाबाईने आधी ऐकले आणि मग पाहिले. चेहरा अभंगातून वर आला. ज्या कोल्हापुरात तिला हे स्वप्न पडले, त्याच कोल्हापुरात १९२९ साली प्रभात कंपनी निघाली. हा योगायोगच, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण सिनेमाच्या तंबूत माझ्या आजीचे झाले तेही यापेक्षा वेगळे नव्हते. अभंग तिच्या रक्तात होते, जात्यावर होते, वारीच्या वाटेवर होते. त्या अभंगांना तीनशे वर्षे चेहरा नव्हता. एक माणूस स्वतःला बाजूला ठेवून मन लावून गायला, आणि लोकांनी त्याच्याच तोंडावर तो चेहरा ओळखला. हा चेहरा तुकोबांचा नाही हे खरे. आणि लोकांनी ओळखला तो तुकोबांनाच, हेही तितकेच खरे.

अजिंठ्याची लेणी आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहेत. तिथला पद्मपाणी जगभरचे लोक येऊन पाहतात. तो रंगवताना कुणा चित्रकाराने कुणाला समोर बसवले होते, हे कुणी सांगू शकत नाही. एखादा भिक्षू असेल, एखादा शेतकऱ्याचा पोर असेल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचे नाव विचारायला आज कुणाची सोय नाही. पागनीसांचे नाव विचारण्याची सोय अजून आहे, एवढ्यासाठी तरी ते घ्यावे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसबीर नेली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. म्हटले, “हे तुकाराम महाराज. आणि हा चेहरा त्यांना ज्यांनी दिला, त्यांचे नाव विष्णुपंत पागनीस. ते नट होते आणि गायक होते. पण त्याआधी ते शाळेत मुलांना गाणे शिकवत.” मुलांनी दोन्ही नावे वहीत लिहून घेतली. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तसबीर बराच वेळ निरखून पाहिली आणि म्हणाली, “सर, म्हणजे हे आपले मास्तरच की!”

तेव्हापासून दरवर्षी बीजेला मी हा धडा घेतो. पुस्तकात तो नाही. यंदाही घेतला. सातवीतल्या एका मुलाने पागनीसांच्या नावापुढे वहीत ‘महाराज’ असे लिहिले होते. मी ते खोडले नाही.